उत्तर न मागणारा प्रश्न

पडद्यावर माझं तोंड उघडं होतं. भिंतीएवढं तोंड. वरचा पडलेला दात, त्या जागेची काळी खिडकी, सगळं लख्ख दिसत होतं. कॉलेजच्या सरांच्या हातातल्या काडीतून लाल ठिपका निघाला, पडद्यावरून घसरत आला आणि माझ्या खालच्या ओठावर बसला.

"इथे थांबू या," सर म्हणाले. "आता हिच्याकडे बघा."

हिच्याकडे. आणि मी तिथेच होते. पहिल्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, इस्त्रीची जांभळी साडी नेसून. सरांनी हात लांब केला असता तर मला लागला असता.

त्याआधी दोन भाषणं दाखवून झाली होती. एक परदेशातल्या कुणा पुढाऱ्याचं, एक आपल्या स्वातंत्र्याच्या लढ्यातलं. दोन्ही गाजलेली. सर त्या दोघांना 'ते' म्हणत होते. ते इथे श्वास घेतात. ते इथे आवाज खाली आणतात. तिसरं भाषण माझं. तिथे 'ही' झाली.

शांताबाई माझ्या कानाशी वाकल्या. आमच्या बालवाडीच्या मदतनीस. "बाई, तुमच्या ओठावर ढेकूण चढलाय," म्हणाल्या.

मी हसले. त्या दिवशी मनापासून हसले ती एवढीच.

मी बालवाडी चालवते. कालव्याच्या कडेला आमची वस्ती आहे, तिथे. बालवाडीची बाई म्हणजे अर्धी नटीच. रोज सकाळी मी वाघ बनते, कोल्हा बनते, बाजारात रुसून बसलेली भेंडी बनते. समोर तीन-चार वर्षांचे प्रेक्षक. आवडलं नाही तर सरळ उठून जातात, नाहीतर जागेवर शू करतात. असले प्रेक्षक सांभाळलेल्या बाईला सभेची भीती कसली? आवाज माझ्या आईचा. ती मंडईच्या बाहेर कोथिंबीर विकायची. तिथे हळू बोलणाऱ्याची कोथिंबीर संध्याकाळी गाय खाते.

आमची बालवाडी एका खोलीत भरायची. खोली सरकारी. पलीकडे सोसायटीची भिंत. सोसायटीला मुलांच्या गाण्याचा त्रास व्हायला लागला. अर्ज गेला. मग एक दिवस खोलीला कुलूप. दुरुस्ती आहे म्हणाले. दुरुस्तीला कुणी आलं नाही. खिडकीतून बघितलं तर आत प्लॅस्टिकच्या खुर्च्या रचलेल्या. सोसायटीच्या कार्यक्रमाच्या. लाल लाल, एकीवर एक, छतापर्यंत. माझी मुलं बाहेर आणि खुर्च्या आत.

किल्ली वॉर्ड ऑफिसात, साहेबांकडे. साहेबांच्या दारात मी किती वेळा गेले ते मोजायचं सोडून दिलं. दरवेळी साहेब मीटिंगमध्ये. एकदा भेटले, तर म्हणाले, "ताई, असं इथे नाही बोलता येत. नागरिकांची सभा आहे, तिथे मांडा."

तोवर मुलं बसायची सलीमभाईंच्या गॅरेजच्या शेडमध्ये. सलीमभाई भला माणूस. सकाळी शटर अर्धं उघडून गाड्या एका बाजूला लावायचे, जमीन झाडून द्यायचे. "बाई, दहापर्यंत गिऱ्हाईक नाही घेत," म्हणायचे. पण गॅरेज ते गॅरेज. एक माणूस तापलेली गाडी लावून गेला. समीर पळत आला, तोल गेला, तळहात सायलेन्सरला चिकटला. साडेतीन वर्षांचा मुलगा. कातडी सोलून निघाली.

त्याच आठवड्यात ती सभा. मंगल कार्यालयात. मी उभी राहिले. लिहून नेलेलं सगळं शुद्ध होतं, बालवाडीच्या बाईला शोभेल असं. एक शब्द आठवला नाही. तोंडातून आईची भाषा आली. कुणीतरी मोबाईलवर उतरवून घेतलं आणि पुढच्या दोन दिवसांत ते पुण्यात ज्याच्या त्याच्या हातात. हिंजवडीत कामाला जाणारी आमच्या वस्तीतली पोरं सांगत आली, "बाई, कंपनीच्या बसमध्ये तुमचं भाषण चालू होतं."

सभेत लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेब हसले. "बोलता छान हो तुम्ही," म्हणाले.

किल्ली दिली नाही.

मग कॉलेजातून फोन आला. एक मॅडम बोलत होत्या. गाजलेल्या भाषणांवर कार्यशाळा आहे. भाषण प्रभावी का होतं, त्यात कुठली तंत्रं असतात, हे मुलांना समजावून सांगणार. त्यात माझंही भाषण घेतलंय. मी यायचं, सत्कार होईल, दोन शब्द बोलायचे. मी नाही म्हणणार होते. मग मॅडम म्हणाल्या, उद्घाटनाला वॉर्ड ऑफिसचे साहेब येणार आहेत. मी लगेच हो म्हटलं. ऑफिसात मीटिंगमध्ये असतात, इथे तर खुर्चीला बांधलेले असणार. नारळ मिळेपर्यंत उठता येत नाही.

"आणि जमलं तर," मॅडम म्हणाल्या, "तीच साडी नेसा. व्हिडिओतली पिवळी. मुलांना पटकन ओळख पटेल."

मी मुद्दाम जांभळी नेसले.

मॅडमनी दारातच बघितलं. "अरे, पिवळी नाही का?" मग कार्यक्रमपत्रिकेसाठी नाव विचारलं. मी नाव सांगितलं. "आडनाव?" सांगितलं. मॅडमनी मान हलवली. समाधानाने. हरवलेलं काही सापडल्यासारखी. "तरीच. तुमच्यात हे उपजतच असतं, नाही? आम्हाला बाई शिकावं लागतं."

शांताबाई म्हणाल्या, "हो ना. आमच्यात जन्मल्या जन्मल्या पोर भाषण करतं. मग दूध पितं."

मॅडम हसल्या. त्यांना ते कौतुक वाटलं.

तर लाल ठिपका.

व्हिडिओ मागे नेला. पडद्यावर मी म्हणाले, "सायेब, ऐका." पुन्हा म्हणाले, "सायेब, ऐका जरा." तिसऱ्यांदा म्हणाले.

सरांनी थांबवलं. "पुनरुक्ती. एकच हाक, तीन वेळा. प्रत्येक वेळी किंचित वरच्या पट्टीत. हीच रचना आपण पहिल्या भाषणात पाहिली. ते अनेक वर्षांच्या अभ्यासातून आलं होतं. हिच्याकडे मातीतून आलंय."

पोरं लिहून घेत होती. मला त्या तीन हाका आठवल्या. पहिल्या वेळी साहेब फोनवर बोलत होते. दुसऱ्या वेळी चहा आला. तिसऱ्या वेळी ते बशीत चहा ओतत होते.

साहेब आताही तिथेच होते. स्टेजवर, मधल्या खुर्चीत. पडद्यावरची हाक ऐकून हसत होते. यावेळी फोन बंद होता त्यांचा. छान ऐकू येत होतं.

व्हिडिओ पुढे सरकला. पडद्यावर मी एकदम गप्प झाले. नुसती उभी. बघतेय. बराच वेळ.

"विराम," सर म्हणाले. डोळे मिटले त्यांनी. "हा विराम ऐका. कच्चा वक्ता इथे घाबरून काहीतरी बोलला असता. ही थांबते. सभा तिच्या मुठीत येते. आणि मग बघा, माइक सोडून देते. मोकळ्या गळ्याने बोलते. काय धाडस आहे."

मी शेजारच्या मुलीला म्हटलं, "माइक बंद केला होता." कॉलेजची पोर, वहीत 'विराम' लिहून खाली दोन रेघा मारत होती. तिने माझ्याकडे बघितलं. "काय?"

"स्टेजवरून कुणीतरी खूण केली. माइकवाल्याने बटण दाबलं. मी वाट बघत होते, चालू होईल म्हणून."

तिचं पेन थांबलं. मग सर पुढे बोलायला लागले आणि ते पुन्हा चालू झालं. परीक्षेत सर विचारणार, मी नाही.

पडद्यावर मी आता समीरबद्दल सांगत होते. हात पुढे करून, तळवा उघडून. हे मी पहिल्यांदाच बघत होते.

"इथे खरी कारागिरी आहे," सर म्हणाले. "बालवाडीत पुष्कळ मुलं. पण ती एकच मूल निवडते. एक नाव, एक हात. सगळ्या मुलांचे हाल सांगितले असते तर परिणाम पातळ झाला असता. एकच निवडा. श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी आणायचं तर एकच."

मी उभी राहिले. ठरवून नाही राहिले. गुडघ्यांनी ठरवलं.

"सर, एकच भाजला होता."

पोरांनी माना वळवल्या.

"मी निवडला नाही त्याला. एकच भाजला. दोन भाजले असते तर दोन सांगितले असते."

सरांचा चेहरा उजळला. खरंच सांगते, दिवा लागावा तसा. "ऐकलंत?" ते मुलांना म्हणाले. "साधेपणा. वक्त्याचा सच्चेपणा हीच त्याची सगळ्यात मोठी ताकद. आणि वाक्य बघा. दोन भाजले असते तर दोन सांगितले असते. तोललेलं वाक्य आहे. बाईंना कळतही नाही आपण काय करून गेलो."

टाळ्या पडल्या.

मी उभी. हात लोंबकळत. काय करू? बोलले तर ते तंत्र. गप्प राहिले तर विराम. रडले असते तर त्यालाही त्यांच्याकडे नाव असणारच. मी घसा खाकरला आणि समोरच्या चार पोरांनी पेन उचललं. इतकी मी आयुष्यात कुठे अडकले नव्हते. नवऱ्याच्या घरी नाही, वॉर्ड ऑफिसात नाही. तिथे निदान लोक म्हणतात, चल, नीघ. इथे सगळे माझ्याकडे प्रेमाने बघत होते.

मी बसले.

शेवट दाखवला. पडद्यावरची मी विचारतेय, "पोरं कुठं बसवू? सांगा सायेब. कुठं बसवू?"

सरांनी चित्र तिथेच गोठवलं. तेच उघडं तोंड. ठिपका परत ओठावर. "आणि हा मुकुटमणी. असा प्रश्न, ज्याला उत्तर नको असतं. उत्तर श्रोत्यांच्या मनातच असतं. वक्ता फक्त ते जागं करतो. म्हणून भाषण इथे संपतं. यापुढे एक शब्द बोलली असती तर सगळं मातीत गेलं असतं."

मला उत्तर हवं होतं. अमुक ठिकाणी बसव, एवढंच. पत्ता हवा होता मला. मी थांबले कारण प्रश्न विचारल्यावर माणूस थांबतो. लहान मुलालासुद्धा कळतं. मी उत्तराची वाट बघत उभी होते आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मला स्टेजवर बोलावलं. शाल. नारळ. फोटो. खुर्च्या सगळ्या भरलेल्या, म्हणून मी विचारलं, "मी कुठे बसू?" मॅडम म्हणाल्या, "नाही, तुम्ही उभ्याच राहा, दोन शब्द बोलायचेत ना." सर माझ्या कानात म्हणाले, "ताई, मघाशी फार शुद्ध बोललात. व्हिडिओतलं बोला. अस्सल."

आता मी काय करावं? साहेब हाताच्या अंतरावर. मी याच्यासाठीच आले होते. मी सर, मुलं, माइक, सगळ्यांना पाठ दाखवली आणि साहेबांकडे वळले. ओरडले नाही. हळू बोलले. शुद्ध बोलले.

"साहेब, खोलीची किल्ली तुमच्याकडे आहे. आत खुर्च्या आहेत. त्या काढून मुलं आत बसवायची आहेत. कधी देता?"

साहेब हसले. अगदी मोकळं. मग सभागृहाकडे बघून म्हणाले, "बघा, मला आता इथेही घेरलं. ताई, मी तुमचा फॅन आहे. माझ्या मिसेसनं तीनदा बघितलं तुमचं भाषण."

हशा.

"किल्ली कधी देता?"

"ताई, असं स्टेजवर नाही ना होत. कार्यालयात या. निवांत बोलू."

कार्यालयात गेले तेव्हा म्हणाले होते, सभेत मांडा. सभेत मांडलं तर म्हणाले, छान बोलता. आता म्हणे कार्यालयात या.

सर टाळ्या वाजवायला लागले. मग मॅडम. मग सगळं सभागृह. पोरं उभी राहिली. मोठ्ठा कडकडाट. खोटं कशाला बोलू, टाळी मला आवडते. लहानपणापासून आवडते. टाळीसाठी मी भेंडीसुद्धा होते. पण त्या कडकडाटात उभी असताना मला माझीच एक युक्ती दिसली.

बालवाडीत नवीन मूल येतं. आई सोडून जाते. मूल रडायला लागतं, आई पाहिजे म्हणून. आई तर देता येत नाही. मग मी काय करते? मी टाळ्या वाजवते. सगळ्या मुलांना वाजवायला लावते. हसत हसत, त्याच्याकडे बघत, जोरजोरात. मूल दचकतं. इकडे बघतं, तिकडे बघतं. आपल्यासाठी वाजतायत म्हटल्यावर थोडं हसतं. आणि कशासाठी रडत होतं ते विसरून जातं. वीस वर्षांत ही युक्ती एकदाही चुकली नाही. कुठल्या पुस्तकात नाही, पण बालवाडीच्या प्रत्येक बाईला माहीत असते. जे मूल मागतंय ते द्यायचं नसलं की टाळ्या.

सभागृह हसत हसत, माझ्याकडे बघत, जोरजोरात टाळ्या वाजवत होतं.

मीही थोडी हसले होते. तोंड हसऱ्याचं हसरंच राहिलं होतं. ते मी बंद केलं.

सर माइकजवळ आले. "एक विनंती. ते शेवटचं वाक्य एकदा प्रत्यक्ष होऊ द्या. पोरं कुठं बसवू. तसंच. आपण रेकॉर्ड करतोय. तेवढा तो विराम घ्या."

मी म्हटलं, "नाही."

"एकच वाक्य हो."

"नाही म्हणणार. उत्तर मिळालं की ते वाक्य संपेल. तुम्हाला घोकायला दिलेलं नाही ते."

"वा," सर म्हणाले. पुन्हा चेहरा उजळला. मुलांकडे वळले. पुढे काय सांगितलं ते मी ऐकलं नाही. शाल काढली, घडी घातली, साहेबांच्या मांडीवर ठेवली आणि पायऱ्या उतरले. मागे टाळ्या चालूच होत्या. दारापर्यंत पोचवलं त्यांनी मला.

कुणी दुखावलं नाही, कुणी चिडलं नाही. मी एवढं नाही म्हटलं आणि सभागृहात एकाचाही चहा गार झाला नाही. हे मी लपवणार नाही.

बसस्टॉपवर शांताबाईंनी विचारलं, "शाल कुठाय?"

"ठेवली."

"नारळ?"

मी पिशवी दाखवली.

"मग ठीक. उद्या खिचडीत घालू." थोड्या वेळाने म्हणाल्या, "तुम्ही बोललात छान."

मी त्यांच्याकडे नुसतं बघितलं.

"बरं बाई, नाही म्हणत," त्या म्हणाल्या.

बसमध्ये जागा मिळाली. मग मी विचारलं, "शांताबाई, साहेब शेवटी काय म्हणाले?"

"कार्यालयात या म्हणाले."

"कुणाला?"

"तुम्हाला."

"एकटीला या म्हणाले?"

शांताबाईंनी विचार केला. "तसं काही बोलले नाहीत. नुसतं या म्हणाले. निवांत बोलू म्हणाले." मग माझ्याकडे बघितलं. बारा वर्षं काम केलंय आम्ही एकत्र. मी वाघ बनायच्या आधी माझा खांदा कसा हलतो ते त्यांना ठाऊक आहे. "सतरंजी माझ्याकडे आहे," त्या म्हणाल्या. "मोठी. धुतलेली."

संध्याकाळी आम्ही घरोघर गेलो. काही बाप नाही म्हणाले. दोन आया म्हणाल्या, वॉर्ड ऑफिसात आमची कामं अडकलीत, आमचं मूल नको. समीरच्या आईने दार उघडलं. समीर कडेवर, हाताला पट्टी. मी सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "डबा किती वाजताचा देऊ?"

सलीमभाई म्हणाले, "टेम्पो मी काढतो. गाडी आत नाही घेणार, फाटकाशी सोडतो."

उद्या सोमवार. दहा वाजता वॉर्ड ऑफिस उघडतं. साहेबांच्या दाराबाहेर लांब पडवी आहे, फरशी गार आहे, पंखा आहे. मी बघून ठेवली आहे. इतके दिवस तिथे उभी राहिले, पण तिथे बालवाडी भरू शकते हे माझ्या डोक्यात आलं नाही. तिथे सतरंजी घालणार. हजेरी घेणार. अंक शिकवणार, गाणं म्हणवणार, अकराला खिचडी. शू आली तर साहेबांचं टॉयलेट विचारणार. परवा परत. तेरवा परत. किल्ली हातात येईपर्यंत बालवाडी तिथे.

भाषण करणार नाही. माइक दिला तरी नाही. कुणी मोबाईल काढला तर त्याच्याकडे बघणारसुद्धा नाही. साहेब बाहेर येतील आणि विचारतील, ही मुलं इथे का बसवली. त्यांना त्याचं उत्तर हवं असेल. मी देईन. तुम्ही या म्हणालात.

आणि नवीन जागा, नवी माणसं, म्हणजे मुलं रडणार. साहेबांच्या दाराशी, जोरात रडणार. ती युक्ती मला येते. सगळ्यांहून चांगली येते.

उद्या मी टाळ्या वाजवणार नाही.